पाय झालेलं पुस्तक : अमरावती आणि अकोल्याचा एक प्रवास

वऱ्हाडात जायचं तर माघात जावं, असं माझा दादा नेहमी सांगायचा. तेव्हा ऊन अंगावर येत नाही, संत्री झाडावर असतात आणि कापसाच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असतात, त्यामुळे वाट विचारायला माणूस सापडतोच. मी गेले ती माघातच, पण हौसेनं गेले नाही, आणि जे आणायला गेले ते आणू शकले नाही. तरी लिहिते आहे. त्या बाजूला कोणी जाणार असेल तर गाड्यांची आणि जेवणाखाण्याची माहिती तरी उपयोगी पडेल.

दादा शेंदूरजनाघाटच्या शाळेत मास्तर होता. संत्र्यांच्या बागांमधलं गाव. आम्ही मूळचे पुण्याचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि शिक्षकी. दादा नोकरीसाठी तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्या वर्गात बहुतेक मुलं माळ्यांची. ती 'मला'ला 'मले' म्हणत, 'का'ला 'काहून' म्हणत, आणि पुस्तकातला धडा वाचायची वेळ आली की गप्प बसत. दादानं एक दिवस पुस्तक मिटलं आणि मुलांना म्हणाला, तुम्हीच मला गोष्टी सांगा. मुलं सांगत गेली, तो लिहीत गेला. ज्या मुलानं जशी सांगितली तशीच, त्याच्याच शब्दांत. त्यांतल्या निवडक गोष्टींचं बत्तीस पानांचं एक पुस्तक करावं, मुलांना त्यांच्याच बोलीत पहिलं वाचन मिळावं, एवढी त्याची इच्छा होती. शिक्षणखात्याकडून मान्यता मिळाली नाही. मग त्यानं अमरावतीचे भाऊराव गाठले. त्यांचा परकोटाच्या आत एक छोटा छापखाना होता आणि दोघांची जुनी दोस्ती होती.

पुस्तक जुळवून झालं आणि लढाईमुळे कागद मिळेनासा झाला. तेवढ्यात दादाला रक्त पडू लागलं. क्षय. मी जाऊन त्याला पुण्याला घेऊन आले. तो निघाल्यावर घरमालकानं भीतीपोटी त्याच्या खोलीतले कपडे, अंथरूण, वह्या, सगळं परसात जाळलं. मी त्याला दोष देत नाही, गावात सगळे तेच करतात. पण त्यामुळे त्या गोष्टी आता जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या : भाऊरावांच्या छापखान्यात, शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत, जुळवलेल्या, पानापानानं दोऱ्यात बांधून फळ्यांवर ठेवलेल्या.

माघ लागला तसा अमरावतीहून आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी भाऊरावांचा निरोप आणला. छापखाना विकावा लागतोय. कागदाची सोय होत असेल तर लगेच या, मशीन जायच्या आत छापून देतो.

दादा खाटेवर उठून बसला. किती दिवसांनी बसला. मी ज्या मुलींच्या शाळेत शिकवते तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी लढाईच्या आधीचे, कडा पिवळ्या पडलेले दोन रीम कागद कपाटातून काढून दिले. आईनं पोळ्या आणि दाण्याची चटणी बांधली. निघताना दादा म्हणाला, "इंदू, पानं बघताना भाषा सुधारू देऊ नकोस कुणाला. 'मले'चं 'मला' झालं तर ते पुस्तक माझं नाही."

पुणे ते बडनेरा

कागद वळकटीत गुंडाळला होता. हमालानं ती उचलली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. कल्याणला गाडी बदलावी लागते. लढाईच्या दिवसांत नागपूरकडच्या गाड्या शिपायांनी भरून येतात, तेव्हा फलाटावर आधीपासून उभं राहावं आणि थेट बायकांचा डबा गाठावा. तिसऱ्या वर्गाचा असला तरी तिथं निदान टेकायला मिळतं. पाणी घरचं न्यावं. भुसावळला पुरी-भाजी बरी मिळते. केळी तर तिथलीच घ्यावीत.

डब्यात माझ्या शेजारी धामणगावच्या एक बाई होत्या. त्यांच्या घरी कापसाची अडत होती आणि त्या लेकीचं बाळंतपण उरकून परत निघाल्या होत्या. माझी वळकटी सरकवताना त्यांनी विचारलं की हिच्यात दगड भरले की काय. मी सगळं सांगितलं. त्यांना आधी ते खरं वाटेना. त्यांच्या बोलीत पुस्तक कशाला कोण काढेल, ते वाचणार कोण, असं त्या हसत हसत म्हणाल्या. मलकापूर मागे पडल्यावर आपणहून म्हणाल्या, "आमच्या नातवाले शाळेत मारते मास्तर. 'मले' म्हणते म्हणून. एक पुस्तक पाठवजा त्याले."

मी त्यांचा पत्ता लिहून घेतला.

सकाळी अकोला आलं. मी खिडकीतून चहा घेतला. पलीकडच्या रुळांवर मालाच्या वाघिणी रिकाम्या होत होत्या, हमाल डोक्यावरून खोकी नेत होते. मी ते बघत बशीतून चहा प्यायले आणि गाडी पुढे निघाली. पुढे दोन्हीकडे काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची वाळकी झाडं आणि कुठेकुठे हिरवा गहू. मूर्तिजापूर, मग बडनेरा. अमरावतीला जायला बडनेऱ्याला उतरावं लागतं. तिथून फाट्याची छोटी गाडी असते. ती लगेच मिळाली नाही तर वाट बघत बसू नये, टांगेवाले बाहेरच उभे असतात. मी टांगा केला. टांगेवाला मुसलमान म्हातारा होता, अदबीनं बोलणारा. त्यानं वळकटी आपल्या पायाशी घेतली आणि ओझं जास्त म्हणून वर एक पैसाही मागितला नाही.

अमरावती

छापखान्याच्या दारावर पाटी होती. आत काही नव्हतं. मशीन जिथं होतं तिथं जमिनीवर तेलाचे चार डाग आणि बोल्टांची भोकं. भिंतीला खिळ्यांच्या लाकडी खणांची सावली तेवढी उमटून राहिली होती, कारण तिथला चुना काळवंडला नव्हता. शेजारच्या दुकानदारानं मला भाऊरावांच्या घराची वाट दाखवली.

घर गावाबाहेर, मळ्याला लागून. भाऊरावांचे वडील भाजीपाला करायचे, धाकटा भाऊ अजून करतो. भाऊराव मळ्यात गेले होते. त्यांच्या पत्नी गिरजाबाई मेथीच्या जुड्या बांधत ओट्यावर बसल्या होत्या. मी मास्तरांची बहीण, असं म्हटल्यावर त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, पाणी दिलं, आणि मी न विचारताच सांगितलं की मशीन आणि सगळा टाइप अकोल्याच्या वकिलांनी घेतला, त्यांची माणसं ठरल्याच्या आधीच आली आणि खोकी मालगाडीत चढवून गेली.

मी विचारलं, पुस्तकाची पानं? तीही गेली. भाऊरावांनी ती वेगळ्या खोक्यात, फळ्यांसकट, आडवी ठेवून दिली होती. वकिलांनी कबूल केलं होतं की आमच्याकडे पोहोचली की छापून देऊ.

माझा जीव जरा भांड्यात पडला. मी म्हटलं, तुमच्या यजमानांनी एवढे दिवस ती पानं सांभाळली, फार उपकार झाले. गिरजाबाईंनी जुडी पुन्हा हातात घेतली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"बाई, तुमाले छापखान्यातलं ठाव नाई म्हणून सांगतो. मोठा टाइप आमच्याकडं एवढाच होता. तो सारा तुमच्या मास्तरच्या पुस्तकात बसून राहिला. लग्नपत्रिका आल्या, परत धाडल्या. जाहिराती आल्या, परत धाडल्या. म्या म्हटलं, सोडा ती पानं, खिळे मोकळे करा. ते म्हणत, मास्तर बरा होऊन येईल. तुमच्या पुस्तकानं आमचा छापखाना खाल्ला."

आम्हाला पुण्यात वाटत होतं की पुस्तक एका कोपऱ्यात पडून आहे, कुणाला त्याचा त्रास नाही. खिळे ही मोजकी वस्तू असते, एका पुस्तकात अडकले की दुसऱ्या कामाला नसतात, हे दादानं मला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. किंवा असेल.

भाऊराव आले. काळेसावळे, उंच, बोटांच्या नखांत अजून शाई. दादाची तब्येत विचारली. मी खरं सांगितलं. ते विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले. मी त्यांना विचारलं, प्रुफं कुठं आहेत का? दादानं हातानं लिहिलेली प्रत? छापखान्यात प्रत जुळाऱ्यांमध्ये, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांमध्ये, फाडून वाटतात आणि काम झालं की ती शाईनं काळी झालेली चिठोरी फेकून देतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. प्रुफं होती, दादानं तपासून परत पाठवलेली. पण कागदाच्या त्या टंचाईत कोरी पाठ कोण वाया घालवणार? गिरजाबाईंनी त्या प्रुफांत बी बांधून पुड्या केल्या होत्या. आम्ही तिघांनी कोठीतली टोपली ओतली. बहुतेक पुड्या विकल्या गेलेल्या. उरलेल्यांना ओल लागून अक्षरं पुसलेली. एकीवर 'झाडावर' एवढंच वाचता आलं, आत पालकाचं बी.

त्या घरी जेवले. ज्वारीची भाकरी, वांग्याची झणझणीत भाजी, कच्चा कांदा. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा गिरजाबाईंनी तिखट मारायला ताटात तेल वाढलं. आणि निघताना पदरात संत्री घातली, दादासाठी.

अमरावती ते अकोला

भाऊराव माझ्याबरोबर निघाले. त्यांना यायची काही गरज नव्हती. आगगाडीला जागा मिळण्याची खात्री नसल्यामुळे आम्ही मोटारीनं गेलो. सध्या पेट्रोल नसल्यानं या मोटारींना मागं कोळशाची भट्टी जोडलेली असते, त्या गॅसवर त्या चालतात. चढ आला की उतारू उतरून चालतात आणि मोटार मागून येते. कोणी या रस्त्यानं जाणार असेल तर पांढरे कपडे घालू नयेत, आणि पुढच्या बाकावर बसावं. मूर्तिजापूरला मोटार थंड करायला थांबते. तिथं चहा आणि गरम भजी मिळतात.

वाटेत भाऊरावांनी जुळणीच्या दिवसांतली एक गंमत सांगितली. दादाच्या गोष्टींत 'मले', 'तुले', 'त्याले', 'आईले' इतक्या वेळा यायचं की पहिल्या काही पानांतच खणातले 'ल' संपले. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांच्या हिशेबानं टाइप ओतलेला, त्यात एवढे 'ल' लागतील असं ओतणाऱ्याच्या ध्यानात कसं येणार? भाऊरावांनी मुंबईहून खास 'ल' मागवले होते. ते सांगताना पहिल्यांदा हसले. मीही हसले. धुळीनं आमची दोघांची तोंडं काळी झाली होती. त्या वेळी मला खरंच वाटलं की दोन-तीन दिवसांत छापील पानं घेऊन मी गाडीत बसेन.

अकोल्याजवळ कापसाच्या गाड्या लागल्या. एकामागं एक, बैल उभ्या उभ्या रवंथ करताहेत, गाडीवाले गाडीखाली निजलेले. काही अकोटाकडून आलेल्या. जिनिंगच्या आवाराबाहेर हवेत कापूस तरंगत होता आणि झाडांच्या पानांवर बसत होता. एरवी मला ते दृश्य फार आवडलं असतं.

अकोला

वकिलांचा छापखाना ऐसपैस. ते स्वतः सज्जन गृहस्थ, धोतर-कोट, बोलणं पुण्यासारखं. त्यांनी चहा मागवला. भाऊरावांनी पानांचं विचारलं, तेव्हा त्यांनी आपल्या फोरमनला हाक मारली. फोरमन दारात उभा राहूनच म्हणाला, "ते खोकं? ते पाय झालं, साहेब."

मला कळलं नाही. वऱ्हाडात 'पाय' म्हणजे 'पाहा' असंही म्हणतात, मला वाटलं तो बघायला सांगतोय, म्हणून मी उठले. पण भाऊराव खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच बसले.

छापखान्यात जुळवलेला मजकूर सांडला, खिळे एकमेकांत मिसळले की त्याला 'पाय झाला' म्हणतात. इंग्रजी छापखान्यातला शब्द, आपल्याकडच्या जुळाऱ्यांनी उचललेला. काल ज्या ओळी होत्या त्यांचा ढीग होतो. सगळी अक्षरं असतात, एकही हरवलेलं नसतं, पण मजकूर नसतो.

झालं होतं ते साधंच. मालधक्क्यावर हमालानं खोकं डोक्यावर घेतलं. लाकडी खोकं म्हणजे आत कपडे-भांडी असतील असं त्याला वाटलं असणार. शिशाचं वजन त्याला पेललं नाही, खोकं एका अंगावर आपटलं, फळ्या आत उभ्या झाल्या, दोरे सुटले. हमालाच्या खांद्याला मार लागला होता. वकिलांनी त्याला दवाखान्यात पाठवलं होतं. मग सगळं गोणपाटात भरून आणून ठेवलं.

वकील मला म्हणाले, वाईट झालं, पण आपण पुन्हा प्रत पाठवा, मी माझ्या माणसांकडून जुळवून घेतो. मी म्हटलं, प्रत नाही. ते म्हणाले, मग प्रुफं? मी नाही म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. आणखी काय करणार होते?

आतल्या खोलीत ती दोन पोती होती. भाऊरावांनी एक पोतं फरशीवर ओतलं. जाड खडे ओतल्यासारखा आवाज झाला. त्या ढिगाकडे बघताना मला प्रथम काही वाटलंच नाही. मग मी मूठभर खिळे उचलले. त्यांत 'ल' होते. दुसरी मूठ घेतली, तिच्यातही 'ल'.

वकिलांच्या ओळखीनं एका शिक्षकांच्या घरी माझी राहायची सोय झाली. पुढचे दिवस आम्ही दोघं त्या ढिगाशी बसलो. टाइप वकिलांनी विकत घेतलेला होता, त्यांना तो वापरायचा होता, आणि तो वापरायचा तर एकेक खिळा ओळखून खणातल्या त्याच्या त्याच्या घरात परत टाकावा लागतो. ते काम त्यांच्या माणसांनी करण्याऐवजी आम्हाला करू द्या, मजकुराचे काही तुकडे शाबूत असतील तर सापडतील, असं भाऊरावांनी त्यांना विनवलं होतं.

खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ते वाचायला भाऊरावांनी मला शिकवलं. अशा रीतीनं दादाचं पुस्तक मी माझ्याच हातांनी मोडलं. 'क' कच्या घरात, 'म' मच्या घरात. कुठेकुठे दोन-तीन शब्द अजून एकमेकांना चिकटून होते. 'मले भूक'. 'बैल नाई म्हने'. 'आईले सांगजो'. भाऊराव ते मला मोठ्यानं वाचून दाखवत, आम्ही ते बाजूला ठेवत असू. कोणत्या गोष्टीतले, कोणत्या मुलाच्या तोंडचे, काही सांगता येत नव्हतं. भाऊरावांनी जुळवताना सगळं वाचलं होतं, पण जुळारी ओळीओळीनं वाचतो, त्याच्या डोक्यात गोष्ट राहत नाही, असं ते म्हणाले. तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, जणू मी त्यांना त्याचा जाब विचारत होते.

दुसऱ्या पोत्याच्या तळाशी एक पान सापडलं. पूर्ण. दोरा तसाच, गाठ तशीच. भाऊरावांनी ते दोन्ही हातांनी उचललं. त्यांनी ते मशीनजवळच्या पानं मांडायच्या सपाट दगडावर ठेवलं, शाई लावली, मी आणलेल्या रीममधला कागद वर घातला आणि हातानंच छाप काढला.

पान मधलं होतं. वर एका गोष्टीचा शेवट : 'अन् मंग तिनं त्याले म्हटलं, आता तू घरी जाय. तो गेला नाई. अजून तिथंच बसून हाय.' कोण तो, कोण ती, कुठं बसून, काही नाही.

खाली दुसऱ्या गोष्टीची सुरुवात. 'एक होती म्हातारी. तिले दिसत नवतं. तरी ती रोज संत्र्याच्या बागेत जाये. पोट्टे तिले विचारत, काहून जातं वं माय? तं ती म्हने,'

पान तिथं संपत होतं.

आम्ही त्या पानाचे काही छाप काढले. मग भाऊरावांनी विचारलं, आता सोडू? त्यांना ते पान तसंच ठेवायचं होतं, पण खिळे वकिलांचे होते. मी हो म्हटलं. त्यांनी दोरा सोडला.

उरलेला कागद मी त्यांना देऊ केला. ते म्हणाले, "मी कायले घेऊ, बाई? मेथीच्या पुड्या बांधायले?" आणि लगेच तोंड फिरवलं, कारण तसं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. स्टेशनवर ते मला सोडायला आले. गाडी सुटताना म्हणाले, "मास्तरले सांगजा, खोकं म्याच बांधलं होतं. दोन दोऱ्यांच्या जागी चार बांधाले पायजे होते."

मी दादाला ते सांगितलं नाही.

परत

परतीची गाडी दुपारची घ्यावी, गर्दी कमी असते. शेगावला गाडी बराच वेळ थांबली. डब्यातल्या बायका खाली उतरून पाणी भरून आल्या. मला कशाचीच इच्छा नव्हती. वळकटी जवळजवळ तेवढीच जड होती. तो कागद शाळेत परत गेला आणि पुढं वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघाल्या.

भाऊरावांचा तो निरोप सोडला तर दादापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याच्या हातात ते पान दिलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं पान वाचलं. पुन्हा वाचलं. हमालाला फार लागलं का, असं विचारलं. मग म्हणाला, असू दे, मला सगळ्या गोष्टी येतात, तू लिहून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन बसले. त्यानं सुरुवात केली. गोष्टी त्याला खरंच येत होत्या. कोण कुठं गेलं, काय झालं, शेवट काय, सगळं. पण थोड्या वेळानं तो थांबला आणि मला म्हणाला, वाच. मी वाचलं. 'एका गावात एक शेतकरी राहत असे.' तो म्हणाला, हे असं नव्हतं. पुन्हा सांगायला लागला. पुन्हा तसंच येऊ लागलं. 'मले', 'तुले' घालता येत होतं, तो ते घालतही होता, पण मुलानं जिथं मध्येच थांबून भलताच शब्द टाकला होता, जिथं हसून वाक्य अर्धं सोडलं होतं, ते जाग्यावर येत नव्हतं. ते त्यानं ऐकून लिहिलं होतं, आणि कागदावर उतरवल्यावर आता ते हरवणार नाही म्हणून मनातून सोडून दिलं होतं.

शेवटी मी म्हटलं, निदान ही म्हातारी पुरी कर. तिला दिसत नाही, तरी ती बागेत का जाते? ती काय म्हणते?

"म्हणते, वास येतो म्हणून," दादा म्हणाला.

मी ते छापील पानाखाली पेन्सिलीनं लिहिलं. त्यानं कागद मागून घेतला, बघितलं आणि म्हणाला, खोड. म्हणाला, ही गोष्ट सोनी नावाच्या एका मुलीनं सांगितली होती, आणि तिनं वास म्हटलं नव्हतं. एकच शब्द म्हटला होता. सगळा वर्ग हसला होता आणि मग एकदम गप्प झाला होता. तो शब्द कोणता ते त्याला आठवत नव्हतं.

त्यानंतर तो बाकीच्या गोष्टींबद्दल बोलला नाही. त्या एकाच शब्दामागे लागला. ताप चढला की काही तरी पुटपुटायचा, मी कान देऊन लिहून घ्यायची. ताप उतरला की वाचून दाखवायची, आणि तो मान हलवायचा. चैत्रात तो गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं मला खुणेनं वही मिटायला सांगितली.

मी भाऊरावांना तो गेल्याचं आणि त्या शब्दाचं कळवलं. ते मोर्शी-वरूडच्या मोटारीनं मुद्दाम शेंदूरजनाघाटला जाऊन आले. सोनीचं लग्न होऊन ती डोंगरापलीकडे गेली होती, कोणत्या गावी ते नीट कळलं नाही. तिच्या आईला ते भेटले. ती संत्री निवडत बसली होती. तिला गोष्ट ठाऊक नव्हती. पोरी असलं काहीबाही सांगतच असतात, कोण ध्यानात ठेवतं, असं ती म्हणाली. भाऊराव हल्ली मळ्यातच असतात. गिरजाबाईंना बरं वाटत असेल, असं मी धरून चालते.

धामणगावच्या बाईंना मी त्या पानाचा एक छाप पाठवला. उत्तर आलं नाही. पाठवायला नको होता, असं आता वाटतं. नातवानं आजीला पुढं काय असं विचारलं असेल.

माझ्याजवळ एक छाप आहे. 'म्हने' नंतर पेन्सिलीनं लिहिलेलं खोडल्याची खूण आहे, तिथं कागद पातळ झाला आहे. तुमच्यापैकी कोणी माघात तिकडे गेलंच, तर अमरावतीहून मोटारीनं मोर्शी, वरूड आणि पुढं शेंदूरजनाघाट, एका दिवसात होतं. बागांत संत्री तोडणाऱ्या बायका असतात. त्यांना विचारून बघा, त्या आंधळ्या म्हातारीला पोरांनी विचारलं, काहून जातं वं माय, तेव्हा ती काय म्हणाली. त्या हसतील, आणि बहुतेक कोणाला ठाऊक नसेल.